ग्रहण, विळी आणि खालच्या ओठावरचे दोन खड्डे

ताई,

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मला मुलगी झाली. दिवस पूर्ण भरले होते, वजनही छान होतं. पण तिचा वरचा ओठ डाव्या बाजूला दुभंगलेला आहे आणि तोंडातली टाळू मागेपर्यंत उघडी आहे. घरी आल्या दिवसापासून सासूबाईंचं एकच पालुपद आहे: "ग्रहण पाळलं नाहीस, त्याची फळं." सात सप्टेंबरला चंद्रग्रहण होतं, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी. मला पाचवा महिना होता. पाहुणे अजून घरात होते, आणि वेध लागल्यावर मी विळीवर दुधी चिरला होता. हे खोटं नाही. मी चिरला होता.

ओठाच्या ऑपरेशनसाठी दाखवायला गेलो तेव्हा प्लास्टिक सर्जननी बाळाच्या खालच्या ओठावरचे दोन बारीक खड्डे दाखवले आणि ह्यांच्याकडे पाहत राहिले. ह्यांच्याही खालच्या ओठावर तसेच दोन खड्डे आहेत. आम्हाला वाटायचं, जन्मखूण आहे. मग रक्त तपासलं. रिपोर्टमध्ये 'आयआरएफ-६ जनुकात नॉनसेन्स म्युटेशन, रोगकारक, व्हॅन डर वूड सिंड्रोम' असं आलंय. बाळात आणि ह्यांच्यातही. माझं रक्त साफ आहे. आणि ताई, सासूबाईंच्या सख्ख्या भावाचा वरचा ओठ शिवलेला आहे! 'लहानपणी ओट्यावरून पडला' असं सांगतात.

रिपोर्ट आल्यापासून हे गप्प आहेत. सासूबाईंना अजून काही सांगितलेलं नाही. बारशाला सगळे जमतील तेव्हा सर्वांसमोर रिपोर्ट वाचून दाखवावा असं मला वाटतं. नणंदेसाठी स्थळं बघणं चालू आहे. तिचं बोलणंही जरा नाकातलं आहे. त्यांना सांगायचं का? दुसरं मूल होऊ द्यायचं का? आणि सासूबाई म्हणतात, ओठ शिवल्याशिवाय बारसं नको, लोक काय म्हणतील. काय करू?

— एक आई, पश्चिम महाराष्ट्र

बाळाच्या आईस,

प्रश्न चार विचारलेस, पण पत्र वाचताना मला सारखा एकच ऐकू येत होता: रिपोर्ट सासूबाईंच्या पुढ्यात आपटू का? आपटू नकोस. कारण सांगते, पण त्याआधी ग्रहणाचा हिशेब चुकता करू. 'मी चिरला होता' हे तू दोनदा लिहिलंयस, म्हणजे ते भूत अजून तुझ्याच मानगुटीवर आहे.

कॅलेंडर काढ. दिवस पूर्ण भरून जानेवारीअखेर बाळंतपण, म्हणजे गर्भ राहिला मे २०२५ च्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. वरचा ओठ तयार होतो तो गर्भ राहिल्यापासून सहाव्या-सातव्या आठवड्यात, म्हणजे तुझ्या बाबतीत जूनच्या शेवटाला. टाळूच्या दोन बाजू मध्ये येऊन जुळायचं काम बाराव्या आठवड्यापर्यंत आटोपतं, म्हणजे जुलैअखेर. तू दुधी चिरलास ७ सप्टेंबरला. ग्रहण लागलं रात्री दहाच्या सुमाराला, सुटलं दीडच्या आत. तोवर बाळाचा ओठ जसा व्हायचा तसा होऊन दोन महिने उलटले होते. आणखी एक गंमत सांगते. २०२५ साली चार ग्रहणं झाली: १४ आणि २९ मार्च, ७ आणि २१ सप्टेंबर. मे, जून, जुलै या तीन महिन्यांत, जेव्हा तुझ्या लेकीचा ओठ आणि टाळू घडत होते, तेव्हा पृथ्वीच्या पाठीवर कुठेही ग्रहण नव्हतं. पाळायचं म्हटलं असतं तरी पाळायला काही नव्हतं.

अर्थात, नेमकं त्याच आठवड्यात ग्रहण आलं असतं तरी काही बिघडलं नसतं. तारखांचा हिशेब मी तुझ्यासाठी मांडला. सासूबाईंशी या हिशेबावरून वाद घालत बसलीस तर त्या ग्रहणावरून अमावास्येवर जातील, आणि अमावास्या दर महिन्याला असते.

गंमत अशी की ही समजूत फक्त आपली नाही. मेक्सिकोतही ग्रहणामुळे बाळाचा ओठ फाटतो असं पिढ्यान्‌पिढ्या मानतात. मात्र तिथे गरोदर बाईने ग्रहणात कपड्याला सेफ्टी पिन किंवा धातूची एखादी वस्तू लावून ठेवायची, म्हणजे बाळ वाचतं. आपल्याकडे त्याच बाईने ग्रहणात पिन टोचायची नाही, सुईला हात लावायचा नाही. एकच ग्रहण, एकच ओठ, आणि नेमके उलटे नियम. दोन्हीकडे बाळं जन्मतात ती साधारण सारख्याच नशिबाने.

आता एक गोष्ट जी मला या सगळ्या विषयात सगळ्यात बोलकी वाटते. तुझ्या रिपोर्टमधला आयआरएफ-६ जनुक व्हॅन डर वूड सिंड्रोमशी, म्हणजे घराण्यातून उतरणाऱ्या ओठ-टाळूच्या दुभंगाच्या आणि खालच्या ओठावरच्या खड्ड्यांच्या आजाराशी, जोडला गेला तो २००२ मध्ये, अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने. आजार गुणसूत्र क्रमांक एकच्या एका टप्प्यातून येतो, एवढं तोवर ठाऊक होतं. पण त्या टप्प्यात जनुकं अनेक, दोषी कोणतं ते सापडत नव्हतं. मग त्यांना एक जुळी जोडी मिळाली. एकाच गर्भापासून झालेली, हुबेहूब. त्यातल्या एकाला व्हॅन डर वूड सिंड्रोम होता, दुसऱ्याला नव्हता. दोघांच्या जनुकांची तुलना केली, तेव्हा आजारी भावंडाच्या आयआरएफ-६ मध्ये एक बदल सापडला. तो दुसऱ्या भावंडात नव्हता, आईत नव्हता, बापातही नव्हता. नक्कल होताना कुठेतरी एक अक्षर चुकलं, एवढंच. आता तूच बघ: आई तीच, पोट तेच, नऊ महिने तेच. त्या आईने काय खाल्लं, काय चिरलं, कुठे गेली, ते सगळं दोघांनाही सारखंच भोवायला हवं होतं. एकालाच भोवलं.

आता हा आयआरएफ-६ करतो काय. नाव वाचून तू गुगल केलं असशील तर 'इंटरफेरॉन' असा शब्द आला असेल आणि बाळाची प्रतिकारशक्ती कमी आहे की काय म्हणून पोटात गोळा आला असेल. नाही. या घराण्यात नऊ प्रथिनं आहेत. बाकीची भावंडं मुख्यत्वे प्रतिकारशक्तीच्या कामात असतात म्हणून घराण्याला ते आडनाव पडलं. सहावा मात्र वेगळ्या धंद्यात आहे: त्वचा आणि तोंडाचं अस्तर.

अशा प्रथिनाला ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. ते स्वतः कातडी होत नाही, हाड होत नाही. ते डीएनएवर ठरावीक जागी बसतं आणि कोणतं जनुक आता चालू व्हायचं, कोणतं गप्प बसायचं, ते ठरवतं. बांधकामावरच्या मुकादमासारखं, स्वतः विटा उचलत नाही, पण तो आला नाही तर गवंडी हात बांधून बसतात. म्हणून या एका प्रथिनातली चूक एका जागेपुरती राहत नाही; ओठ, टाळू, दात, सगळीकडे थोडी थोडी दिसते.

पोटात बाळाचं तोंड घडताना टाळूच्या दोन पाळ्या सुरुवातीला जिभेच्या दोन्ही अंगांना खाली लोंबत असतात. मग जीभ खाली सरकते, पाळ्या आडव्या उचलल्या जातात आणि मधोमध येऊन एकमेकींना चिकटतात. आता अडचण बघ. चिकटायचं तर आहे, पण योग्य वेळी आणि योग्य जागी. आधीच जिभेला चिकटल्या किंवा गालाच्या आतल्या बाजूला, तर मध्ये येणार कशा? म्हणून त्या कोवळ्या कडांवर पेशींचा एक अगदी पातळ थर पसरलेला असतो, पेरिडर्म. तो चिकटू देत नाही. वेळ आली की बाजूला होतो. हा थर नीट घडावा म्हणून आयआरएफ-६ लागतो. ज्या उंदरांमध्ये हा जनुक मुद्दाम निकामी केला, त्यांच्यात तोंडातले भाग नको तिथे एकमेकांना चिकटलेले आढळले आणि कातडीचे थर नीट तयार झाले नाहीत. खालच्या ओठावरचे खड्डे हीसुद्धा त्याच घडणीतली चूक. वरून ठिपक्याएवढे दिसतात, पण आत ओठाच्या स्नायूपर्यंत जाणारी बंद नळी असू शकते, आणि कधी कधी तिच्यातून पातळसा चिकट स्राव येतो. नवऱ्याला विचार, ओठ कधी आपोआप ओला होतो का. अनेकांना होतो आणि ते कुणाला सांगत नाहीत.

रिपोर्टमधल्या 'नॉनसेन्स' या शब्दाने घाबरू नकोस. हे प्रथिन ४६७ अमिनो आम्लांची माळ आहे. नॉनसेन्स बदल म्हणजे माळ ओवता ओवता मध्येच 'संपलं' अशी खूण येणं. अर्धवट निरोप पेशी बहुतेक वेळा ओळखते आणि प्रथिन होण्याआधीच टाकून देते. म्हणजे तुझ्या नवऱ्यात आणि लेकीत बिघडलेलं प्रथिन फिरून धुमाकूळ घालतंय असं नाही. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. लेकीकडे तुझ्याकडून आलेली प्रत उत्तम चालते. फक्त एका प्रतीवर भागत नाही. ओठ आणि टाळू जुळायच्या त्या मोजक्या आठवड्यांत माल कमी पडतो.

बदल कुठे आहे यालाही महत्त्व आहे, म्हणून रिपोर्टचं ते पान जपून ठेव. याच प्रथिनात ८४ व्या जागी आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. ते थेट डीएनएला हात लावतं. तिथे दुसरंच आम्ल येऊन बसलं, की प्रथिन तयार होतं पूर्ण लांबीचं, पण डीएनए धरता येत नाही, आणि वर चांगल्या प्रतीच्या कामातही लुडबुड करतं. अशा लोकांमध्ये बरेचदा पुढचा प्रकार दिसतो, ज्यात ओठ-टाळूबरोबर गुडघ्यामागे त्वचेचा पडदा असतो किंवा बोटं जुळलेली असतात. जनुक तोच, आजाराचं नाव वेगळं. तुझ्या पत्रात तसं काही नाही आणि रिपोर्टही तसा नाही. तरी बालरोगतज्ज्ञांनी गुडघे, बोटं एकदा बघितली असतील याची खात्री करून घे, म्हणजे तो विषय मिटला.

तर हे सगळं तुझ्या हातात कागदावर आलेलं आहे. आणि तुला ते बारशाला वाचून दाखवायचं आहे.

असं कर, डोळ्यांसमोर आण. पाळणा सजलाय, सुंठवडा-घुगऱ्यांची ताटं फिरतायत, तू फाइल उघडून म्हणतेस, दोष माझा नाही, तुमच्या घराण्याचा आहे. सासूबाईंचं तोंड बंद होईल, यात शंका नाही. त्या खोलीत आणखी कोण कोण आहे? नवरा आहे, जो आधीच गप्प आहे. नणंद आहे, जिच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे, आणि जिला या भानगडीची कल्पनाही नाही. तिच्या आजाराची शक्यता तू तिच्याआधी तिच्या मावश्या-आत्यांना सांगितलेली असशील. ते मामा असतील. आणि पाळण्यात तुझी लेक आहे, जिच्यात तोच जनुक आहे. 'तुमच्या घराण्याचा दोष' हे वाक्य सगळ्यात जास्त वर्षं तिला ऐकावं लागेल, कारण ती त्याच घराण्यातली आहे. काल 'ग्रहणाचं पोर' होती, उद्या 'खराब रक्ताची' होईल. तुला हवंय ते हे नाही.

तुझा राग मला चुकीचा वाटत नाही, हेही सांगते. बाळंतीण बाईला तीन महिने उठता-बसता टोचून बोलणं हा छळ आहे, आणि तो थांबलाच पाहिजे. पण तो थांबवायचं काम नवऱ्याचं आहे. त्याच्या आईशी त्याने बोलायचं, बारशाच्या आधी, घरात, तिघांतच. आणि फार शास्त्र सांगायची गरज नाही. स्वतःच्या ओठाकडे बोट दाखवून त्याने एवढंच म्हणायचं: "आई, हे बघ. माझ्याकडून आलंय. ग्रहणाचा संबंध नाही. यापुढे हिला काही बोलायचं नाही." ऐकायला सोपं वाटतं, त्याला ते फार जड जाणार आहे.

कारण तो आता तुझ्याच जागी बसलाय. तू विळी आठवतेस, तो आरसा बघतोय. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ 'आईची बाजू घेतोय' असा लावू नकोस. आधी तुम्ही दोघं एकदा जनुक-समुपदेशकाकडे जा. त्याच्या देखत कुणीतरी तिसऱ्याने, डॉक्टरच्या खुर्चीतून, म्हटलं पाहिजे की बीजात काय उतरावं हे कुणाच्या हातात नसतं. बायकोने दहादा सांगितलेलं पुरुषांना ऐकू येत नाही. कोट घातलेल्या माणसाने एकदा सांगितलेलं येतं. अनुभवाचा भाग आहे, रागावू नकोस.

आता सासूबाई. ओट्यावरून पडून वरचा ओठ फाटून शिवावा लागतो, नाही असं नाही. पण ज्या बाईच्या मुलाला हे खड्डे आहेत, तिच्याच सख्ख्या भावाचा ओठ शिवलेला असणं हा बहुधा योगायोग नव्हे. जनुक त्या बाजूने आलं असेल तर ते सासूबाईंमधूनच नवऱ्यापर्यंत आलं असणार. या आजाराचं वैशिष्ट्यच ते: एकाच घरात एकाला फक्त खड्डे, एकाचा ओठ दुभंगलेला, एकाची नुसती टाळू, एकाच्या दोन दाढा कमी, आणि एखाद्यात इतकं थोडं की उभ्या आयुष्यात कुणाच्या लक्षात येत नाही. एका घरात ओठाचा दुभंग आणि नुसत्या टाळूचा दुभंग असे दोन्ही असले, तर डॉक्टर याच सिंड्रोमचा विचार आधी करतात, कारण एरवी ते दोन प्रकार सहसा एका घरात मिसळत नाहीत. तू सासूबाईंचा ओठ न्याहाळत बसू नकोस. पण एक विचार करून बघ. त्या लहान असताना त्यांच्या घरात फाटक्या ओठाचं बाळ जन्मलं, तेव्हा त्यांच्या आईला शेजारीपाजारी काय म्हणाले असतील? ओट्यावरून पडल्याची गोष्ट का रचावी लागली असेल? ग्रहणाची भीती ही त्यांनी तुला टोचायला शोधून काढलेली नाही. माझा अंदाज असा की ती त्यांच्या घरात त्या पाळण्यापासून आहे, आणि तुझं बाळ बघितल्यावर सगळ्यात आधी त्यांच्याच पायांखालची वाळू सरकली. याने तुझ्यावरचा अन्याय कमी होत नाही. पण रिपोर्ट त्यांच्या हातात द्यायचा तो कसा, हे ठरवायला याचा उपयोग होईल.

नणंदेचं म्हणशील तर, तिला सांगायचं, आणि स्थळं पुढे सरकायच्या आत. भावाने सांगायचं, तू नाही. आई जर वाहक असेल तर नणंदेत ते जनुक असण्याची शक्यता निम्मी, आणि नाकातून बोलणं हा एक दुवा असू शकतो. काही जणांची टाळू वरून अखंड दिसते, पण आतला स्नायू मधोमध जुळलेला नसतो. मग बोलताना हवा नाकात निसटते आणि 'बाबा' म्हटलेलं 'मामा'कडे झुकतं. पडजीभ दुभंगलेली असणं ही त्याची एक खूण. कान-नाक-घसा तज्ज्ञ तोंडात बॅटरी मारून आणि टाळूवर बोट फिरवून पाहू शकतात. रक्ततपासणीही तिला करता येईल, आणि तुमच्या घरातला नेमका बदल आता माहीत असल्यामुळे पूर्ण जनुक धुंडाळावं लागणार नाही, तेवढी एक जागा बघितली की झालं. करायची की नाही, केल्यावर होणाऱ्या नवऱ्याला कधी सांगायचं, हे तिचं तिने ठरवावं. माझं मत विचारशील तर लग्न ठरवताना मुलाला सांगावं, मुलाच्या आई-बापांना आणि मध्यस्थाला नव्हे. यावरून एखादं स्थळ मोडलं तर मोडू दे.

लेकीचं आता. बाळ दूध ओढत नसेल तर तो तुझा कमीपणा नाही. टाळू उघडी असली की तोंडात पोकळी धरत नाही, मग ओढायला जोर येत नाही. दूध काढून वाटी-चमच्याने, पलाडईने (चोच असलेल्या छोट्या वाटीने) किंवा टाळूच्या बाळांसाठी मिळणाऱ्या खास बाटलीने पाज. बाळाला उभट धर, थोड्या थोड्या वेळाने ढेकर काढ. आडवं झोपवून बोंडल्याने घशात ओतायची जुनी रीत सोड. दूध नाकातून येतं आणि श्वासात जातं. वजन आठवड्याला मोजून लिहून ठेव. ऑपरेशनची तारीख त्यावरच ठरते. ओठ साधारण तीन ते सहा महिन्यांत शिवतात, टाळू नऊ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत. खालच्या ओठावरचे खड्डे काढता येतात, पण त्याची घाई नसते. कान मात्र विसरू नकोस. टाळू दुभंगलेल्या बाळांच्या कानात पडद्याआड पाणी साठतं, ऐकू कमी येतं, आणि आपण म्हणतो पोर उशिरा बोलायला लागलं. श्रवणचाचणी आता आणि टाळूच्या ऑपरेशनच्या वेळी पुन्हा. टाळू शिवल्यावर वाचा-उपचार लागू शकतात. पुढे काही दाढा मुळातच नसण्याची शक्यता आहे, बहुतेक दुसऱ्या उपदाढा. दंतवैद्याला सिंड्रोमचं नाव सांगायचं. बुद्धीला या जनुकाने धक्का लागत नाही. हे सासरी आणि माहेरी दोन्हीकडे स्पष्ट सांग, कारण नीट बोलता न येणाऱ्या पोराला लोक मतिमंद ठरवून मोकळे होतात.

पैशांचं तू काही लिहिलं नाहीस, तरी सांगते. ओठ-टाळूचा दुभंग हा २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात धरलेला आहे. तुमच्या आशाताईंना किंवा जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत, म्हणजे बाळांचे दोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात, विचार. स्माइल ट्रेनसारख्या संस्थेच्या मदतीने मोफत ऑपरेशन करणारी रुग्णालयंही आहेत.

दुसऱ्या मुलाचं. प्रत्येक गरोदरपणात हे जनुक बाळात उतरण्याची शक्यता निम्मी. पहिलीत उतरलं म्हणून दुसऱ्याची शक्यता कमी होत नाही आणि वाढतही नाही. आता बदल माहीत असल्याने गर्भाची तपासणी करता येते: अकरा ते तेराव्या आठवड्यात वारेचा तुकडा घेऊन किंवा पंधरा-सोळाव्यानंतर गर्भजल काढून. टेस्ट ट्यूबच्या मार्गाने जाऊन भ्रूण रुजवण्याआधी तपासण्याचीही सोय आहे, खर्च काही लाखांत. पण या तपासण्यांची एक मर्यादा तुम्हा दोघांना आधीच कळायला हवी. त्या 'जनुक आहे' किंवा 'नाही' एवढंच सांगतात. आहे म्हटल्यावर बाळ बापासारखं नुसत्या दोन खड्ड्यांचं होईल की बहिणीसारखं, हे कोणतीही तपासणी सांगत नाही. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ओठ दिसतो, नुसती टाळू बरेचदा निसटते. तेव्हा 'तपासणी करू' असं ठरवण्याआधी 'आहे असं आलं तर काय' याचं उत्तर दोघांकडे असलं पाहिजे. ते उत्तर मी देणार नाही. एवढंच म्हणेन की ज्या माणसाशी तू लग्न केलंस, त्याच्यात हे जनुक आहे आणि तुला ते रिपोर्ट येईपर्यंत कळलंही नव्हतं. फॉलिक ॲसिड पुढच्या वेळीही गर्भ राहायच्या आधीपासून घे, ते मणक्याच्या आणि मेंदूच्या दोषांसाठी आहे. या बदलावर त्याचा इलाज चालत नाही.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी दोन ओळी, नाहीतर उद्या प्रत्येक जण नातेवाइकांचे ओठ तपासत फिरेल. ओठ किंवा टाळू दुभंगलेल्या शंभर बाळांमागे साधारण दोघांनाच हा सिंड्रोम असतो. बाकीच्यांची कारणं वेगळी आणि बरेचदा मिश्र असतात. पण म्हणूनच बाळाचा वरचा ओठ बघताना खालचाही बघा. हे खड्डे फ्रेंच सर्जन दमार्क्ये यांनी १८४५ मध्ये नोंदवले. त्यांचं ओठ-टाळूच्या दुभंगाशी आणि घराण्याशी असलेलं नातं १९५४ मध्ये ॲन व्हॅन डर वूड या डॉक्टरबाईंनी मांडलं. त्यांच्या वेळी रक्ततपासणी नव्हती. घरातल्या माणसांचे ओठ निरखून आणि कोण कुणाचं कोण हे विचारून त्यांनी ते काढलं.

राहिलं बारसं. ऑपरेशनपर्यंत थांबू नका. आहे तशी लेक पाळण्यात घाला, आणि फोटो काढा, ओठासकट. सर्जनला ते लागतात, आणि सात-आठ वर्षांची झाली की ती स्वतः विचारेल, तेव्हा दाखवायला असलेले बरे. लोक बघणारच; बघितलं की एक-दोनदा बघतात, लपवलं की आयुष्यभर डोकावतात. कुणी विचारलं तर "ओठ जुळायचा राहिलाय, पुढच्या महिन्यात शिवणार आहेत" एवढं उत्तर पुरे. सिंड्रोमचं नाव सांगायला तू कुणाला बांधील नाहीस. रुग्णालयाच्या कागदांवर अजून 'बेबी ऑफ' करून तुझंच नाव असेल. बारसं झालं की ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन जन्मदाखल्यात तिचं नाव घालून घ्या. वर्षाच्या आत त्याला पैसे पडत नाहीत, आणि योजनेतून ऑपरेशन करायचं असेल तर सगळ्या कागदांवर एकच नाव असलेलं बरं; नाहीतर ऐन भरतीच्या दिवशी खिडकीवर हेलपाटे होतात.

तुझी,
ताई